व्यक्तिछायाचित्रणातील लहान टेलिफोटो भिंग : निवड, अंतर आणि हाताळणी

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात सेवानिवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचे छायाचित्र छापावयाचे असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातील ज्येष्ठांच्या मुलाखती घेतल्या जातात. मराठी आणि इतिहास विभागांचे विद्यार्थी लोकगीते, आठवणी व स्थानिक इतिहास यांच्या नोंदी करतात. या प्रत्येक प्रसंगी माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र आवश्यक ठरते आणि बहुधा ते हाती असलेल्या साधनाने, अगदी जवळून, घाईघाईने घेतले जाते. मजकुरातील शुद्धलेखनाबाबत आपण जेवढे दक्ष असतो, तेवढी दक्षता छायाचित्राच्या बाबतीत क्वचितच बाळगली जाते.

हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. तळेगाव ढमढेरे आणि एकूणच शिरूर, दौंड परिसरातील अनेक घरांत वडीलधाऱ्या माणसाचे स्वतंत्र, चांगले छायाचित्र नसते. माणूस गेल्यानंतर धावपळ सुरू होते. एखाद्या लग्नातील समूहचित्रातून चेहरा कापून काढला जातो किंवा ओळखपत्रावरील चित्र मोठे करून त्यालाच चौकट बसवली जाते. पुढील पिढ्यांना आजोबा वा पणजी दिसतात ती त्या चौकटीतील. त्यामुळे शिबिराच्या निमित्ताने गावात गेलेल्या प्राध्यापकाने वा विद्यार्थ्याने घेतलेले एक छायाचित्र त्या कुटुंबाचा कायमचा ठेवा होऊ शकते. ते खरे आणि सन्मानपूर्वक घेतलेले असावे, ही अपेक्षा रास्त आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. छायाचित्रातील चेहऱ्याचा आकार कशावर अवलंबून असतो हे स्पष्ट करणे.
२. लहान टेलिफोटो भिंग निवडताना विचारात घ्यावयाच्या बाबी मांडणे.
३. ग्रामीण परिसरात काम करताना या भिंगाच्या हाताळणीत येणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय सांगणे.

लहान टेलिफोटो भिंग म्हणजे काय?

भिंगाच्या नाभीय अंतरावरून, म्हणजे व्यवहारात ज्याला फोकल लेंग्थ म्हणतात त्यावरून, भिंगांचे प्रकार पडतात. ३६ × २४ मि.मी. आकाराच्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० मि.मी.चे भिंग सर्वसाधारण मानले जाते. त्याहून बरेच कमी नाभीय अंतर असलेली भिंगे विस्तृत दृश्य घेणारी, तर अधिक असलेली भिंगे टेलिफोटो म्हणून ओळखली जातात. ८५ ते १३५ मि.मी. या टप्प्यातील भिंगांना लहान टेलिफोटो म्हणण्याचा प्रघात आहे. पक्षी किंवा क्रिकेटचा सामना टिपण्यासाठी लागणाऱ्या ३०० ते ६०० मि.मी. भिंगांपेक्षा ती आखूड व हलकी असतात.

व्यक्तिछायाचित्रणाशी या कल्पनेचे नाते फार जुने आहे. १८४० साली व्हिएन्ना येथील गणितज्ञ योसेफ पेट्झवाल यांनी खास व्यक्तिचित्रांसाठी भिंगाची गणिती रचना केली आणि फोक्टलेंडर यांनी ते घडवले. तत्कालीन भिंगांच्या तुलनेत ते कितीतरी अधिक प्रकाश आत घेत असल्यामुळे माणसाला स्थिर बसवून ठेवण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. आपल्याकडेही ही कला लवकर रुजली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी एक आणि स्वतः छायाचित्रकार होते.

जुन्या स्टुडिओतील व्यक्तिचित्रांत जो भारदस्तपणा जाणवतो, त्यामागे पोशाख, पडदा आणि बसण्याची ढब यांच्याइतकेच एक तांत्रिक कारणही होते. तिपाईवरील मोठा कॅमेरा आणि लांब नाभीय अंतराचे भिंग यांमुळे छायाचित्रकाराला समोरच्या माणसापासून काही हात दूर उभे राहणे भाग पडे. हे अंतरच या लेखाचा मध्यवर्ती विषय आहे.

चेहऱ्याचा आकार आणि अंतराचे गणित

लांब भिंगामुळे चेहरा चांगला दिसतो, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धसत्य आहे. चेहऱ्याच्या अवयवांचे परस्परांशी दिसणारे प्रमाण भिंग ठरवीत नाही, तर कॅमेरा आणि माणूस यांमधील अंतर ठरविते. भिंग ठरविते ते इतकेच की त्या अंतरावरून चौकटीत किती भाग सामावेल.

एक साधे उदाहरण घेऊ. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली सुमारे १२ सें.मी. मानू. कॅमेरा नाकापासून ४० सें.मी.वर असेल, तर कान ५२ सें.मी.वर असतील. वस्तूचा दिसणारा आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे नाक कानाच्या तुलनेत ५२ भागिले ४०, म्हणजे सुमारे ३० टक्के मोठे उमटेल. हाच कॅमेरा १ मीटरवर नेला तर हा फरक १२ टक्के, २ मीटरवर ६ टक्के आणि ३ मीटरवर ४ टक्के होतो. २०१८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या गणिती अभ्यासातही १२ इंचांवरून घेतलेल्या स्वतःच्या छायाचित्रात नाकाची रुंदी ५ फुटांवरून घेतलेल्या चित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्के अधिक दिसते, असे मांडले आहे.

आपण परस्परांचे चेहरे ओळखतो ते समोरासमोर बसून बोलण्याच्या अंतरावरून. ओट्यावर बसलेल्या माणसाशी आपण हातभर अंतरावर नाक नेऊन बोलत नाही. दीड ते तीन मीटरवरून घेतलेले छायाचित्र घरच्यांना ‘अगदी आमच्या तात्यांसारखे’ वाटते, त्याचे कारण हेच होय. याच्या उलट, फार दूर जाऊन मोठ्या टेलिफोटो भिंगाने घेतलेला चेहरा सपाट भासतो. नाक, गाल आणि कान एकाच पातळीवर आल्यासारखे दिसतात. मुख्य म्हणजे माणसाशी बोलणेच तुटते. तेव्हा आधी अंतर ठरवावे आणि मग त्या अंतराला साजेसे भिंग निवडावे, हा क्रम लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

भिंगाची निवड

अंतर २ मीटर धरले आणि पूर्ण चौकटीचा कॅमेरा उभा धरला, तर निरनिराळ्या भिंगांच्या चौकटीत पुढीलप्रमाणे उंची सामावते.

३५ मि.मी. : सुमारे २ मीटर, म्हणजे उभा माणूस.
५० मि.मी. : सुमारे १ मीटर ४५ सें.मी., म्हणजे डोक्यापासून गुडघ्यापर्यंत.
८५ मि.मी. : सुमारे ८५ सें.मी., म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत.
१०५ मि.मी. : सुमारे ६८ सें.मी., म्हणजे डोके, खांदे व छाती.
१३५ मि.मी. : सुमारे ५३ सें.मी., म्हणजे डोके व खांदे.

कॅमेऱ्याच्या संवेदकाचा आकार लहान असेल, तर हा हिशेब बदलतो. महाविद्यालयांकडे सामान्यतः असणारे निकॉनचे किंवा कॅननचे प्राथमिक श्रेणीतील डीएसएलआर कॅमेरे बहुधा लहान संवेदकाचे असतात. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यावर भिंगाचा परिणाम दीडपट, तर कॅननच्या कॅमेऱ्यावर १.६ पट लांब भिंगासारखा होतो. त्यामुळे ५० मि.मी.चे भिंग अनुक्रमे ७५ व ८० मि.मी.प्रमाणे आणि ८५ मि.मी.चे भिंग सुमारे १२८ व १३६ मि.मी.प्रमाणे काम करते. दिवाणखान्यात किंवा विभागाच्या लहान खोलीत ८५ मि.मी. लावून पाठ भिंतीला टेकते, तरी चौकटीत खांदे मावत नाहीत, हा अनुभव अनेकांना येतो तो या कारणाने. लहान संवेदकाचा कॅमेरा असणाऱ्या विभागाने प्रथम ५० मि.मी. एफ/१.८ हे भिंग घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. ते सर्व कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त भिंगांपैकी एक असते आणि व्यक्तिचित्रासाठी पुरेसे समर्थ असते. पूर्ण चौकटीचा कॅमेरा असेल, तर ८५ मि.मी. एफ/१.८ हा समतोल पर्याय ठरतो. एफ/१.४ किंवा एफ/१.२ या भिंगांची किंमत व वजन बरेच वाढते, पण पुढे स्पष्ट केल्याप्रमाणे त्यांच्या पूर्ण उघड्या छिद्राचा उपयोग चेहऱ्यासाठी मर्यादितच होतो. पिके, दागिने, हस्तलिखिते यांचीही छायाचित्रे घ्यावयाची असल्यास १०० किंवा १०५ मि.मी.चे मॅक्रो भिंग एकाच खर्चात दोन्ही कामे करते.

खरेदीपूर्वी भिंग आपल्या कॅमेऱ्याशी जुळते का, हे पडताळणे आवश्यक आहे. निकॉनच्या डी ३००० व डी ५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यामुळे जुनी एएफ-डी प्रकारची भिंगे त्यांवर बसतात, परंतु आपोआप फोकस करीत नाहीत. त्यांच्यासाठी एएफ-एस भिंग घ्यावे. आरशाविना चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना जुने भिंग लावण्यासाठी जोडकडे, म्हणजे अडॅप्टर लागते. वापरलेले भिंग घेताना त्यातून विजेरीचा प्रकाश टाकून बुरशीचे जाळे पाहावे, छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे का हे तपासावे आणि पूर्ण उघड्या छिद्रावर एक-दोन छायाचित्रे घेऊन फोकस नेमका बसतो का, याची खात्री करावी. बुरशीचा धोका कोकणात अधिक असतो, तर आपल्या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत धूळ हा मुख्य शत्रू आहे. शेतात किंवा खळ्यावर भिंग बदलणे शक्यतो टाळावे.

छिद्र आणि स्पष्टतेची खोली

छिद्र जितके मोठे, तितकी पार्श्वभूमी धूसर होते. म्हणून नवे भिंग हाती येताच ते कायम एफ/१.८ वर ठेवण्याचा मोह होतो. येथेही गणित उपयोगी पडते. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ८५ मि.मी.च्या भिंगाने २ मीटरवरून छायाचित्र घेताना एफ/१.८ ला स्पष्टतेची एकूण खोली सुमारे ६ सें.मी. असते. एफ/२.८ ला ती सुमारे ९ सें.मी., एफ/४ ला १३ सें.मी. आणि एफ/५.६ ला १८ सें.मी. होते. चेहऱ्याची नाकापासून कानापर्यंतची खोली १२ सें.मी. धरली, तर संपूर्ण चेहरा स्पष्ट हवा असल्यास एफ/४ ते एफ/५.६ हाच टप्पा योग्य ठरतो. वृद्ध चेहऱ्यावरील सुरकुत्या, कानातील भिकबाळी, कपाळावरचे गोंदण हे सारे नोंद म्हणून महत्त्वाचे असेल, तर ते धूसरतेत घालवून चालणार नाही.

मग पार्श्वभूमीचे काय? ती धूसर करण्याचा सोपा मार्ग म्हणजे माणसाला भिंतीपासून दूर बसविणे. पाठीमागे दोन-तीन मीटर मोकळी जागा असेल, तर एफ/४ लाही भिंतीवरील दिनदर्शिका आणि विजेच्या तारा मऊ होतात.

फोकस नेहमी कॅमेऱ्याला जवळच्या डोळ्यावर असावा. मध्यबिंदूने डोळ्यावर फोकस करून मग कॅमेरा वळवून चौकट जुळविण्याची जुनी सवय येथे घातक ठरते. २ मीटरवर फोकस करून कॅमेरा १५ अंशांनी वळविला, तर स्पष्टतेची पातळी डोळ्याच्या सुमारे ७ सें.मी. मागे जाते. एफ/१.८ ला डोळा धूसर होण्यास एवढे पुरे आहे. म्हणून डोळ्याजवळचा फोकसबिंदू निवडावा. नव्या कॅमेऱ्यांत डोळा ओळखण्याची सोय असते, तिचा अवश्य उपयोग करावा.

हात कापल्यामुळे येणारी अस्पष्टता टाळण्यासाठी शटरचा वेग किमान नाभीय अंतराच्या व्यस्ताइतका ठेवावा, असा संकेत आहे. ८५ मि.मी.ला एक सेकंदाचा १२५वा भाग हा त्यानुसार किमान वेग होय. भिंगातील कंपनरोधक यंत्रणा छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, समोरच्या माणसाची हालचाल नव्हे. बोलणाऱ्या, मान हलविणाऱ्या आजोबांसाठी २००वा किंवा २५०वा भाग अधिक सुरक्षित असतो. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी चालेल. थोडे दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले चित्र सुधारता येत नाही.

आपल्या परिसरातील प्रकाश आणि चेहरे

तंत्रावरील पुस्तकांतील उदाहरणे बहुधा परदेशी असतात. आपल्या परिसरात काही वेगळे प्रश्न उद्भवतात.

पहिला प्रश्न पांढऱ्या टोपीचा व सावळ्या चेहऱ्याचा. भर उन्हात टोपी आणि सदरा झगझगीत पांढरा व चेहरा काळवंडलेला, असे चित्र हमखास येते, कारण कॅमेऱ्याचा प्रकाशमापक पांढऱ्या रंगाला भुलून एकूण प्रकाश कमी करतो. अशा वेळी माणसाला ओट्याच्या, पडवीच्या किंवा लिंबाच्या सावलीत आणावे. सावलीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून बसविल्यास टोपी आणि चेहरा यांतील प्रकाशाचा फरक आपोआप कमी होतो. प्रकाशमापन चेहऱ्यावर करावे आणि टोपीवरील विणीचे धागे दिसतात ना, हे पडद्यावर मोठे करून पाहावे. शक्य असल्यास रॉ स्वरूपात चित्र साठवावे.

दुसरा प्रश्न डोक्यावरील पदराचा. नऊवारी नेसलेल्या आजींच्या कपाळावर आणि डोळ्यांवर पदराची सावली पडते. पदर मागे घ्यायला सांगणे अनेकींना संकोचाचे वाटते आणि ते योग्यही नाही. त्याऐवजी प्रकाशाची दिशा बदलावी. दाराकडे तोंड करून बसविल्यास समोरून येणारा सौम्य प्रकाश पदराखाली पोहोचतो. मांडीवर धुवट पांढरा पंचा किंवा वर्तमानपत्र पसरले, तरी खालून पुरेसा उजेड उसळतो. चष्म्याच्या काचेतील चमक टाळण्यासाठी हनुवटी किंचित खाली घ्यावयास सांगावी वा स्वतः थोडे बाजूला सरकावे.

तिसरी बाब कॅमेऱ्याच्या उंचीची. खाली बसलेल्या माणसाचे छायाचित्र उभे राहून घेतल्यास कपाळ मोठे व हनुवटी लहान दिसते. शिवाय पाहणाराही त्या माणसाकडे वरून पाहतो. छायाचित्रकाराने सतरंजीवर बसावे. भिंग डोळ्यांच्या पातळीवर आणावे. दोन मीटर अंतरावर बसून गप्पा मारता मारता छायाचित्र घेणे ही लहान टेलिफोटो भिंगाची खरी सोय आहे. कॅमेरा तोंडावर येत नाही आणि संवादही तुटत नाही.

भ्रमणध्वनीचा कॅमेरा

प्रत्येक विद्यार्थ्याजवळ आज डीएसएलआर असेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. पण वरील तत्त्व भ्रमणध्वनीलाही तंतोतंत लागू पडते. त्याचा मुख्य कॅमेरा साधारणपणे २४ ते २६ मि.मी.च्या भिंगासारखा विस्तृत असल्यामुळे चेहरा मोठा घेण्यासाठी आपण नकळत जवळ जातो आणि नाक फुगते. यावर उपाय म्हणजे २ मीटर दूर राहणे आणि दुप्पट किंवा तिप्पट वर्धनाचे वेगळे भिंग असल्यास ते वापरणे. ते नसेल, तरी दुरूनच छायाचित्र घेऊन नंतर कडा कापाव्यात. तपशील थोडा कमी होईल, पण चेहऱ्याची ठेवण खरी राहील. कृत्रिम धूसरता देणारी सोय टोपीच्या कडा व विरळ केस चुकीचे कापते, तेव्हा ती जपूनच वापरावी. चेहरा गुळगुळीत व गोरा करणारी सोय तर पूर्णपणे बंद ठेवावी. उन्हातान्हात राबलेल्या माणसाचा रंग आणि सुरकुत्या पुसून टाकणे म्हणजे नोंदीत फेरफार करणे होय.

दोन उदाहरणे

मराठी माणसाला व्यक्तिछायाचित्र म्हटले की गौतम राजाध्यक्ष यांचे नाव आठवते. १९५० साली जन्मलेल्या व २०११ साली निधन पावलेल्या राजाध्यक्षांनी लिंटास या जाहिरातसंस्थेत काम करीत असतानाच कलावंतांची व्यक्तिचित्रे घेण्यास आरंभ केला. १९९७ साली ‘फेसेस’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि ‘चेहरे’ या नावाने त्यांचे काम मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. सौम्य प्रकाश, साधी पार्श्वभूमी आणि चेहऱ्यावर एकवटलेले लक्ष हे त्यांच्या चित्रांचे विशेष सांगता येतील. या तिन्ही गोष्टी गावातील एखाद्या पडवीतही साध्य होऊ शकतात.

दुसरे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी एका अफगाण मुलीचे छायाचित्र निकॉनच्या १०५ मि.मी. एफ/२.५ या भिंगाने टिपले. जून १९८५ मध्ये ते नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आले. लहान टेलिफोटो भिंगाचा आदर्श म्हणून ते नेहमी दाखविले जाते. मात्र त्या मुलीचे शरबत गुला हे नाव जगाला कळले ते २००२ साली. तोपर्यंत सतरा वर्षे तिचा चेहरा सर्वांना ठाऊक होता आणि नाव कोणालाही नव्हते. आपल्या विद्यार्थ्यांनी या उदाहरणातून भिंगाइतकीच ही दुसरी गोष्टही शिकावी. छायाचित्रापूर्वी संमती घ्यावी, नाव, गाव व दिनांक लिहून ठेवावा, छापण्याचा हेतू सांगावा आणि एक छापील प्रत त्या घरी पोहोचवावी.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. चेहऱ्याचे प्रमाण अंतरावर अवलंबून असते आणि दीड ते तीन मीटर हे अंतर व्यक्तिचित्रास सर्वाधिक अनुकूल आहे. लहान टेलिफोटो भिंगाचे महत्त्व हे अंतर राखून चौकट भरता येण्यात आहे. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यास ५० मि.मी. व पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यास ८५ मि.मी. हे परवडणारे आणि पुरेसे पर्याय होत. एफ/४ च्या आसपासचे छिद्र, जवळच्या डोळ्यावरील फोकस, सावलीतील प्रकाश आणि डोळ्यांच्या पातळीवरील कॅमेरा यांमुळे बहुतेक दोष टळतात.

हिवाळी शिबिराच्या साहित्यात वही, ध्वनिमुद्रक आणि टेप यांबरोबर एक भिंग असावे व विद्यार्थ्यांना ते वापरण्याचे तासाभराचे प्रशिक्षण द्यावे, अशी सूचना या निमित्ताने करावीशी वाटते. दरवर्षी एका गावातील वीस ज्येष्ठांची छायाचित्रे नावानिशी घेतली आणि त्यांच्या प्रती घरोघरी दिल्या, तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात परिसराचा चेहरा जतन होईल. आणि त्या वीस घरांना पुढे कधी लग्नाच्या समूहचित्रातून आपले माणूस कापून काढावे लागणार नाही.